भूक मनाला काय करते? : ॲनोरेक्सिया समजून घेताना

(या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी नीट केली आहेत.)

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी जरा आत सरका. आजचा भाग थोडा लक्ष देऊन ऐकायचा आहे.

आज आपण ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजाराबद्दल बोलणार आहोत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. या भागात मी कुणाचं वजन किती किलो होतं, कोण दिवसाला किती कॅलरी खायचं, असले आकडे सांगणार नाही. ज्यांना हा आजार आहे, त्यांच्या डोक्यात अशा आकड्यांची स्पर्धा सुरू होते. ती स्पर्धा आपल्याला नकोय. आणि ऐकताना मध्येच अस्वस्थ वाटलं तर बंद करा, पाणी प्या, कुणाशी तरी बोला. भाग कुठे पळून जात नाही.

तर, गोष्ट अशी. मी तेव्हा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे. एका खोलीत आम्ही तिघी. तीन कॉट, तीन कपाटं आणि एकच आरसा. त्यातली एक मराठवाड्यातून आलेली, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. पहाटे पाचला उठणार, अभ्यासिकेत सगळ्यांच्या आधी जाऊन जागा पकडणार, वहीत मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. आज तिच्या परवानगीनं बोलतेय. नाव नको म्हणाली, म्हणून नाव नाही.

पहिल्यांदा तिनं भात सोडला. भात खाल्ला की अभ्यासाला बसल्यावर झोप येते म्हणे. आम्हाला पटलं. मग रात्रीचा डबा बंद झाला. मग उपवास सुरू झाले. आधी सोमवार, मग गुरुवार, मग संकष्टी आणि एकादशी. आता आपल्याकडे उपवासाला कोण कधी प्रश्न विचारतं? उलट घरमालकीण काकू आम्हाला म्हणायच्या, "बघा जरा हिच्याकडे, काहीतरी शिका." आपण 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतो ना, तिच्या एकादशीला मात्र ना खिचडी, ना वरीचा भात.

काही गोष्टी विचित्र वाटायच्या. स्वतः जेवायची नाही, पण रात्री अंधारात पांघरुणाखाली तासन्‌तास रेसिपीचे व्हिडिओ बघायची. एका रविवारी काकूंच्या स्वयंपाकघरात आमच्यासाठी साजूक तुपातला शिरा केला आणि शेवटचा घास संपेपर्यंत आमच्याकडे बघत उभी राहिली. स्वतःसाठी ताटली घेतलीच नाही. "मी करताकरता खाल्लं गं." मे महिन्यात, पुण्याच्या उन्हात, स्वेटर घालून बसायची. रोज पर्वती चढून यायची, ताप असला तरी. हसणं कमी झालं, चिडणं वाढलं.

आणि या सगळ्यात मी तिला काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "काय गं, कसली मस्त बारीक झालीयस! मलाही सांग ना काय करतेस ते."

ते ऐकून ती फार खूश झाली होती. तो चेहरा मला अजून आठवतो. पुढे दोन महिन्यांनी ती जिन्यात चक्कर येऊन पडली.

आजचा भाग मी खरं तर तेव्हाच्या माझ्यासाठी करतेय. तिला काय होत होतं हे मला तेव्हा कळलं असतं, तर मी निदान ते एक वाक्य बोलले नसते.

आता आधी नावाचं बघू. ॲनोरेक्सिया म्हणजे भूक नसणं. हे नाव १८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी दिलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग या डॉक्टरांनीही अशाच रुग्णांचं वर्णन लिहिलं. पण हे नावच थोडं फसवं आहे. या आजारात बहुतेक वेळा भूक मेलेली नसते. भूक असते, आणि ती दाबण्यात सगळी ताकद खर्च होत असते. चोवीस तास डोक्यात अन्नच असतं.

त्याच्याही मागे जायचं तर १६८९ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड मॉर्टन यांनी दोन रुग्णांची हकिगत लिहिली. काहीही शारीरिक कारण सापडत नाही आणि तरी खाणं सुटून शरीर झिजत चाललंय, असे दोन तरुण. त्यातली एक अठरा वर्षांची मुलगी आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. म्हणजे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा आजार इन्स्टाग्रामनं जन्माला घातलेला नाही. दोन, हा फक्त मुलींचा आजार नाही, अगदी पहिल्या नोंदींपासून नाही. मुलग्यांमध्ये तो ओळखूच येत नाही, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. 'जिमचं वेड लागलंय', 'कटिंग चाललंय', असं म्हणून विषय संपतो.

मग ॲनोरेक्सिया ओळखायचा कसा? डॉक्टर साधारण तीन गोष्टी बघतात. शरीराला लागतं त्यापेक्षा खूप कमी खाणं आणि त्यामुळे घसरलेलं वजन. वजन वाढण्याची जबर भीती, किंवा वजन वाढू नये म्हणून सतत केलेली धडपड. आणि तिसरं, स्वतःच्या शरीराकडे बघण्याची बिघडलेली नजर. सगळ्या जगाला हाडं दिसतायत, हिला आरशात जाडी दिसतेय. किंवा तब्येत इतकी ढासळलेली असताना 'मला काय झालंय? मी ठीक आहे' असं मनापासून वाटणं. मनापासून, हे महत्त्वाचं. ती खोटं बोलत नसते. आजारच तिला तसं दाखवत असतो.

इथे दोन बारकावे सांगते. पहिला. प्रत्येक रुग्ण 'मला जाड व्हायचं नाही' असं म्हणेलच असं नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की त्यांच्याकडच्या बऱ्याच रुग्ण जाडीबद्दल बोलतच नव्हत्या. त्या सांगायच्या, पोट फुगतं, भूक लागत नाही, घास जात नाही. आपल्याकडच्या घरांमध्येही हे ऐकायला मिळतं. 'ॲसिडिटी होते', 'जड वाटतं', 'उपवास आहे'. कारण वेगळं सांगितलं जातं, उपासमार तीच असते.

दुसरा बारकावा. माणूस काडीसारखा दिसला तरच ॲनोरेक्सिया, असं नाही. ज्याचं वजन आधी जास्त होतं, तो झपाट्यानं उतरून आता 'नॉर्मल' दिसत असेल. बाकी सगळी लक्षणं तीच. याला एटिपिकल ॲनोरेक्सिया म्हणतात आणि तोही तितकाच घातक ठरू शकतो. फरक एवढाच, की अशा माणसाचं सगळे कौतुक करत असतात. शाळेच्या ग्रुपवर 'आधी आणि नंतर'चे फोटो टाकायला सांगतात.

आता मी तुम्हाला घेऊन जाते १९४४ सालात, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. दुसरं महायुद्ध चालू आहे. युरोपात लाखो लोक उपाशी आहेत. युद्ध संपल्यावर या भुकेल्या माणसांना नेमकं कसं खाऊ घालायचं, हे कुणालाच नीट माहीत नाही. ॲन्सेल कीज नावाचे शास्त्रज्ञ एक प्रयोग आखतात. ३६ तरुण पुरुष स्वतःहून पुढे येतात. युद्धात बंदूक हातात घ्यायला नकार दिलेले हे तरुण होते. शरीरानं धडधाकट, मनानं खंबीर, तपासून तपासून निवडलेले. पहिले तीन महिने व्यवस्थित जेवण. पुढचे सहा महिने अर्धपोटी. त्यानंतर पुन्हा हळूहळू खाणं वाढवायचं.

त्या सहा महिन्यांत काय झालं बघा. ही मुलं स्वयंपाकाची पुस्तकं वाचू लागली, पाककृती गोळा करू लागली. ताटातल्या अन्नाचे बारीक बारीक तुकडे करून एक जेवण कितीतरी वेळ पुरवायला लागली. चहा-कॉफी आणि च्युइंगमवर तुटून पडली. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची. मित्र नकोसे झाले, विनोद संपले, चिडचिड वाढली, उदासी आली. स्वप्नातही अन्न. एकाग्रता गेली.

ओळखीचं वाटतंय ना? पांघरुणाखालचे रेसिपीचे व्हिडिओ. मे महिन्यातलं स्वेटर. शिऱ्याकडे बघत उभं राहणं.

या ३६ जणांपैकी कुणालाही ॲनोरेक्सिया नव्हता. कुणाला बारीक व्हायचं नव्हतं. त्यांच्या मनात जे जे झालं, ते निव्वळ उपासमारीनं झालं. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हे सगळं दोन जाडजूड खंडांत छापलं. आणि ॲनोरेक्सियावर काम करणारे लोक अजूनही या प्रयोगाकडे पुन्हा पुन्हा वळतात. कारण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. आपल्याला वाटतं, आधी मन बिघडलं आणि मग जेवण सुटलं. तेव्हा मन दुरुस्त करू, जेवण आपोआप येईल. प्रत्यक्षात जेवण सुटलं की भूकच मन बिघडवते. मन आक्रसतं, अन्नाभोवती घुमत राहतं, नियम आणखी कडक करतं, आणि त्यामुळे जेवण आणखी सुटतं. हा भोवरा आहे. एकदा आत गेलं की 'इच्छाशक्ती वापर आणि खा' म्हणून बाहेर पडता येत नाही.

तुम्ही विचाराल, मग सगळेच डाएट करणारे या भोवऱ्यात का अडकत नाहीत? अर्ध्या वर्गानं कधी ना कधी भात सोडलेला असतो. इथे शरीराची घडण येते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं, की या आजाराच्या धोक्यात निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा आहे. २०१९ मध्ये १७ देशांमधल्या जवळपास १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी जोडलेल्या जनुकांच्या आठ जागा सापडल्या. आणि गंमत म्हणजे त्यांचा संबंध चिंता, नैराश्य, ओसीडी यांच्याशी तर होताच, पण शरीराच्या चयापचयाशीही होता. म्हणजे हा नुसता डोक्यातला खेळ नाही. त्यात स्वभाव येतो, सगळं परिपूर्ण हवं, चूक नको, वहीत मिनिटामिनिटाचा हिशेब. त्यात वयात येण्याचा काळ येतो. त्यात आजूबाजूचं जग येतं, लग्नाच्या बायोडेटात 'सडपातळ' लिहिणारं आणि मोबाइलवर एक डाएटचा व्हिडिओ बघितला की मागोमाग शंभर दाखवणारं. काडी कुणीही टाकेल, पण लाकूड आधीच वाळलेलं असावं लागतं.

म्हणून 'आईबापांनी लाडावून ठेवलंय', 'नखरे आहेत', 'पैसेवाल्यांचे रोग' ही वाक्यं आजपासून बंद. माझी मैत्रीण शेतकऱ्याची मुलगी आहे. तिच्या घरी ताटात टाकणं हे पाप समजतात.

आता जरा गंभीर. हा आजार जीव घेतो. मानसिक आजारांमध्ये सर्वांत जास्त मृत्युदर असलेल्या आजारांपैकी हा एक आहे. कॅरन कारपेंटर ही अमेरिकेची लाडकी गायिका १९८३ मध्ये गेली, अवघ्या ३२ व्या वर्षी, याच आजारानं हृदयावर झालेल्या परिणामांमुळे. तोपर्यंत सामान्य लोकांनी या आजाराचं नावही फारसं ऐकलं नव्हतं. शरीर उपाशी राहिलं की ते काटकसर सुरू करतं. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, हात-पाय गार पडतात, केस गळतात, अंगावर बारीक लव येते, पाळी बंद होऊ शकते, हाडं ठिसूळ होतात. हृदयाचाही स्नायूच असतो, तोही झिजतो. आणि सगळे मृत्यू शरीर थकल्यामुळे होत नाहीत. या आजारातल्या साधारण पाचातला एक मृत्यू आत्महत्येचा असतो.

आणि आणखी एक फसवी गोष्ट. रक्ताचे रिपोर्ट बराच काळ नॉर्मल येऊ शकतात. मैत्रिणीला पहिल्यांदा गावी दाखवलं, तेव्हा रिपोर्ट बरे आले आणि भूक वाढवायचं टॉनिक मिळालं. 'अभ्यासाचं टेन्शन आहे, लग्न झालं की होईल ठीक,' असंही ऐकवण्यात आलं. यात तीन महिने गेले. ते तीन महिने आजारानं नीट वापरले.

मग उपचार काय? जिन्यात पडल्यावर तिची आई पुण्याला आली. काकूंनी पहिल्याच दिवशी डिंकाचे लाडू, तुपाची बरणी आणि शेंगदाण्याची चटणी कॉटखाली लावून ठेवली होती. 'आता बघते कशी खात नाही ते.' सुदैवानं दुसऱ्या दिवशी त्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पोचल्या आणि डॉक्टरांनी आधी लाडू थांबवले.

का थांबवले? कारण बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरावर एकदम जेवणाचा मारा केला, तर तोच जिवावर बेतू शकतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. उपाशी शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून चाललेलं असतं. एकदम भरपूर अन्न आलं की इन्शुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते कमी पडलं की हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांमधून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. म्हणून तब्येत फार उतरली असेल तर सुरुवात रुग्णालयात होते. रोज रक्त तपासायचं, ईसीजी काढायचा, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यायचं, आणि खाणं ठरवून वाढवत न्यायचं. अन्न हेच औषध, पण तेही डॉक्टरांच्या मापानं.

गोळी नाही का एखादी? खास ॲनोरेक्सिया बरा करणारी गोळी आजतरी नाही. सोबत नैराश्य किंवा टोकाची चिंता असेल तर डॉक्टर औषधं देतात, काहींना ओलान्झपीनसारख्या औषधाचा थोडा उपयोग होतो. पण नुसत्या औषधावर हा आजार जात नाही. खाणं आणि बोलणं, दोन्ही लागतं.

बोलणं म्हणजे थेरपी. मोठ्या वयाच्या रुग्णांसाठी सीबीटीचा या आजारासाठी घडवलेला प्रकार वापरतात. त्यात ठरलेल्या वेळी खाणं, वजनाची भीती, आरशात बघण्याची, तुलना करण्याची सवय, यावर आठवड्यामागून आठवडे काम चालतं. पण मेंदू उपाशी असताना थेरपीतली वाक्यं आत उतरत नाहीत. मिनेसोटाच्या त्या धडधाकट मुलांना पुस्तकात लक्ष लागत नव्हतं, तर हिला कसं लागणार? म्हणून जेवणाची सुरुवात आधी, किंवा निदान सोबत. 'मन तयार झालं की खाईल' म्हणून थांबायचं नाही.

आणि किशोरवयीन मुलांसाठी तर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो घरच्यांचा. इथे इतिहासानं मस्त वळण घेतलंय. १८७३ मध्ये नाव देणाऱ्या गल साहेबांचं मत होतं, की अशा रुग्णाची काळजी घ्यायला नातेवाईक सगळ्यांत वाईट. त्यांना लांब ठेवा. पुढे शंभर वर्षं साधारण तेच चाललं. आईवडिलांनाच दोष. मग १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधल्या टीमनं उलटं करून बघितलं. त्यांनी आईवडिलांना सांगितलं, चूक कुणाची हे शोधत बसू नका, मुलीला जेवू घालायची जबाबदारी तुमची. आम्ही मागे उभे आहोत. याला आता फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट म्हणतात. तीन टप्पे असतात. आधी काय, किती, कधी खायचं हे आईवडील ठरवतात आणि प्रत्येक जेवणाला सोबत बसतात. तब्येत सावरली की हळूहळू ते हक्क मुलाच्या हाती परत. आणि शेवटी बाकीचं आयुष्य, कॉलेज, मित्र, स्वातंत्र्य. २०१० मध्ये अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, उपचार संपून वर्ष झाल्यावर या पद्धतीनं ४९ टक्के मुलं पूर्ण सावरलेली होती. नुसत्या वैयक्तिक थेरपीनं २३ टक्के.

माझी मैत्रीण तेव्हा बावीस वर्षांची होती, म्हणजे किशोरवयीन नव्हे. पण आपल्याकडे बावीस वर्षांची मुलगी घरापासून कितीशी लांब असते? डॉक्टरांनी तिच्या थेरपीसोबत काकूंनाही कामाला लावलं. दोघींनी एक खोली भाड्यानं घेतली. मी कधी कधी जायचे. एक वाटी वरणभात संपायला तास-तास लागायचा. ती रडायची, ओरडायची, "तू माझी आई नाहीसच" म्हणायची. आणि काकू, ज्यांनी आयुष्यात 'थेरपी' हा शब्द ऐकला नव्हता, त्या समोर बसून एवढंच म्हणायच्या, "हे तू बोलत नाहीयेस बाळा, हे तुझं दुखणं बोलतंय. घे, पुढचा घास घे." ना रागावणं, ना हातापाया पडणं, ना उठून जाणं. मग बाहेर येऊन मोरीत नळ सोडून रडायच्या. ते मी पाहिलंय.

मला वाटतं, त्या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. आजार वेगळा, माणूस वेगळा. भांडण आजाराशी, माणसाशी नाही.

किती वेळ लागतो? लागतो. वर्षं लागतात. मध्ये घसरण होते. बॉस्टनमध्ये संशोधकांनी ॲनोरेक्सिया झालेल्या स्त्रियांना अनेक वर्षं गाठून विचारलं. नऊ वर्षांनंतर एक तृतीयांशापेक्षा थोड्या कमी बऱ्या झालेल्या होत्या. पण बावीस वर्षांनंतर तोच आकडा जवळपास ६३ टक्क्यांवर गेला. म्हणजे ज्यांना लोकांनी 'आता काही होत नाही' म्हणून सोडून दिलं असतं, त्याही नंतर बऱ्या झाल्या. उशिरा का होईना, दार उघडतं. आणि जितक्या लवकर उपचार सुरू होतील, तितकं ते लवकर उघडण्याची शक्यता जास्त.

आता तुमच्यासाठी कामाचं. तुमच्या रूमवर, वर्गात, घरात कुणाबद्दल शंका येत असेल तर काय करायचं?

एक, शरीराबद्दल बोलू नका. 'बारीक झालीस' नको, आणि 'किती सुकलीयस, हाडं दिसतायत' तर अजिबात नको. आजाराला दोन्ही वाक्यं शाबासकीच वाटतात. ती बरी होत असताना 'आता छान भरलीस हं' हेही नको. आपल्याकडे हे वाक्य प्रेमानं बोलतात, पण तिला ऐकू येतं 'जाड झालीस'. तुम्ही जे बघितलं ते बोला. 'हल्ली तू आमच्यासोबत जेवायला बसत नाहीस. तुला सारखी थंडी वाजते. मला काळजी वाटतेय.' बस, एवढंच.

दोन, वाद घालू नका. 'कुठे आहेस तू जाड?' या वादात आपण कधीच जिंकत नाही. ती चिडेल, टाळेल. दुसऱ्यांदा विचारा. तिसऱ्यांदा विचारा.

तीन, गुपित ठेवू नका. 'घरी सांगू नकोस' असं ती म्हणेल. मीही तेव्हा ते वचन दिलं होतं. ते मैत्रीचं वचन नव्हतं, आजाराला दिलेली मुदतवाढ होती. ज्यांच्यावर तिचा विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाला सांगा, ताई, मामा, शिक्षक, कुणीही.

चार, या गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. चक्कर येऊन पडणं. छातीत धडधड किंवा दुखणं. उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं. पाणीसुद्धा न पिणं. आणि जगायचंच नाही, असं बोलणं.

डॉक्टर कोणते? मानसोपचारतज्ज्ञ, त्यांच्यासोबत शरीराची तपासणी करणारे फिजिशियन, आणि जमल्यास या आजाराची माहिती असलेले आहारतज्ज्ञ. नुसतं जिमच्या डाएट प्लॅनवाल्याकडे जाऊ नका. खर्चाची काळजी असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. आणि कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. १४४१६ हा नंबर. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नाही तर कुणासाठी तरी लागेल.

आणि जर हे ऐकताना तुम्हाला दुसरं कुणी आठवलंच नाही, स्वतःच आठवलात, तर एक सांगते. तुमच्या डोक्यात आत्ता एक आवाज म्हणत असेल, 'मी काही एवढी आजारी नाही, माझ्यापेक्षा बारीक लोक आहेत, मदत मागायचा मला हक्क नाही.' हा आवाज या आजाराचं लक्षणच आहे. मदत मागायला पुरेसं आजारी पडावं लागत नाही. आज, एका माणसाला, एक वाक्य सांगा. 'मला जेवणाबद्दल त्रास होतोय.' एवढं पुरे.

मैत्रीण आता काय करते? नोकरी करते. परीक्षा सोडली, त्याचं तिला वाईट वाटतं. परीक्षेपेक्षा आजारानं खाल्लेल्या तीन वर्षांचं जास्त. अजूनही कामाचा ताण आला की पहिलं जेवण सुटतं. पण आता तिला ते कळतं, आणि ती स्वतःच काकूंना फोन लावते, स्पीकरवर ठेवते आणि पलीकडून काकू आपलं ताट वाढून घेतात. दोघी दोन गावांत बसून एकत्र जेवतात.

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. तिनं शिरा केला. या वेळी दोन ताटल्या काढल्या. मी काही बोलले नाही, तीही नाही. गप्पा मारत खाल्ला आणि मग चहा ठेवला.

चला, आज एवढंच. हा भाग अशा एका माणसाला पाठवा, ज्याच्यासोबत तुम्ही बरेच दिवसांत जेवायला बसला नाहीत. आणि नुसता पाठवू नका, विचारा, 'कधी येतोस जेवायला?' काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.